सरसावलेल्या बाह्या

आमच्या घरात सध्या एक आजारी आहे. त्याला थर्मामीटर लावायला काख नाही, जीभ बघावी तर तोंड उघडत नाही, आणि 'आता कसं वाटतंय?' म्हणून जवळ गेलं की तो आणखी आत जातो. दोनशे लिटर खाऱ्या पाण्याच्या टाकीत, डाव्या कोपऱ्यातल्या दगडावर त्याचा मुक्काम आहे. नाव हॅमर कोरल, म्हणजे एक प्रवाळ. तब्येत बरी असताना त्याच्या शेकडो बोटांची टोकं हातोडीसारखी दिसतात, म्हणून हे नाव.

पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: हे झाड, दगड की प्राणी? पूर्वी मी चिडायचो. आता नाही. झाँ-आंद्रे पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने अठराव्या शतकात पॅरिसच्या विद्वानांना कळवलं, की प्रवाळाची ही फुलं नव्हेत, हे जिवंत प्राणी आहेत. कोणी विश्वास ठेवेना. रेओम्यूर या बड्या शास्त्रज्ञाने १७२७ मध्ये ते म्हणणं सभेपुढे मांडलं खरं, पण पेसोनेलचं नाव मात्र घेतलं नाही. बिचाऱ्याचं हसं नको. जिथे अकादमीची ही तऱ्हा, तिथे माझ्या मेव्हण्याची काय कथा?

तर हा प्राणी आजारी पडला, आणि पाडला मी.

टाकी उत्तम चालली होती, हेच माझं दुखणं होतं. सगळं सुरळीत चाललेलं असलं की माझ्या हाताला चैन पडत नाही. एका रविवारी पाणी तपासलं, तर अल्कलिनिटी, म्हणजे प्रवाळ ज्यातून सांगाडा बांधतं तो पाण्यातला साठा, ७.५ डीकेएच (हे त्याचं माप). खुद्द समुद्रात ती ७ च्या आसपास असते, त्यामुळे प्रवाळांची काही तक्रार असायचं कारण नव्हतं. पण मी नुकतंच वाचलं होतं, की ती ९ वर नेली तर वाढ झपाट्याने होते. झालं. पावडर मोजली, विरघळवली, ओतली. थोडी उरली होती, ती तरी कशाला ठेवायची म्हणून तीही ओतली. मग पुन्हा तपासणी. काचेच्या नळीत पाच मिली पाणी, त्यात रंग, आणि वरून एकेक थेंब सोडत रंग पालटायची वाट बघायची. मी मोजतोय, मोजतोय, रंग जागचा हलेना. अखेर पालटला तेव्हा आकडा होता ११. एका दिवसात एकापेक्षा जास्त वाढवू नये, हे त्याच लेखात दोन ओळी खाली लिहिलं होतं. त्या दोन ओळी यायच्या आधीच मी बाह्या सरसावून उठलो होतो.

त्याच भरात दिव्याचा जोर साठ टक्क्यांवरून नव्वदवर नेला आणि पाणी आरशासारखं व्हावं म्हणून फॉस्फेट शोषणारी पिशवीही सोडली. एका रविवारी माणूस किती कामं करू शकतो!

सोमवारी सकाळी हॅमर गायब. म्हणजे जागेवरच होता, पण मांस सगळं आत ओढलेलं आणि वर नुसती सांगाड्याची दातेरी कड. कुणीतरी कवळी काढून दगडावर ठेवावी तशी. शेजारची बर्ड्सनेस्ट नावाची काटेरी फांदी बुडापासून पांढरी पडत चाललेली. मश्रूम कोरल तेवढी नेहमीसारखी पसरली होती. त्यांना कशाचंच सोयरसुतक नसतं.

इथून पुढे मी जे केलं त्याला 'उपचार' म्हणतात. हॅमर उचलून आयोडीनच्या पाण्यात बुचकळला, की जंतू असतील तर मरोत. परत ठेवताना उजेडात ठेवला. संध्याकाळी वाटलं, उजेड जास्त झाला, सावलीत ठेवला. सावलीत प्रवाह कमी म्हणून पंपाचं तोंड तिकडे वळवलं. पंपाच्या झोताने तो आणखी मिटला, म्हणून पुन्हा उजेडात. एकदम अर्धं पाणी बदललं. अशक्तपणा असेल म्हणून मिटलेल्या तोंडावर खायला टाकलं, ते कुजलं, त्यासाठी पुन्हा पाणी बदललं. चार दिवसांत त्याची इतकी ने-आण झाली, की दगडावर त्याची जागा कुठली हे मलाच आठवेना.

आई टाकीसमोरच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. पाचव्या दिवशी मी हात कोपरापर्यंत पाण्यात घातला तेव्हा म्हणाली, "माझं ऑपरेशन झालं तेव्हा तू दर तासाला मला हलवून उठवायचास. आठवतं?"

"कशाला गं?"

"झोप लागली का, हे विचारायला."

मी हात बाहेर काढला. कोपरावरून खारं पाणी टपटपत होतं.

मग नीट वाचलं, या खेपेला शेवटच्या ओळीपर्यंत. प्रवाळाच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहतं. उजेडावर साखर तयार करून यजमानाला वाढायची, हे त्याचं काम. घरातला आचारीच म्हणा ना. पण उजेड किंवा उष्णता अचानक वाढली की या आचाऱ्याच्या चुलीतून ठिणग्या उडायला लागतात. घरालाच चटके बसू लागले की यजमान त्याला बाहेर काढतो. आचाऱ्याबरोबर रंगही जातो आणि दोन वेळचं जेवणही. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलंच असतं असं नाही. बऱ्याचदा ते उपाशी असतं, आणि नवा आचारी मिळेपर्यंत त्याला कोणी छळू नये एवढीच त्याची अपेक्षा असते. त्यात मी नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेऊन ठेवलेले. पाणी दिसायला चकचकीत, पण शैवालाला परत यावंसं वाटेल असं त्यात काही उरलं नव्हतं.

उपाय वाचून मी हिरमुसलो. एकही मर्दुमकीचा नव्हता. दिवा साठच्याही खाली आणायचा आणि आठवड्याला थोडा थोडा चढवायचा. फॉस्फेटची पिशवी काढायची, कोळशाची ठेवायची. माशांना चिमूटभर जास्त खायला घालायचं, म्हणजे त्यांच्या घाणीतून पाण्यात जरा कस येतो. तापमान २५-२६ अंश, क्षार लिटरला ३५ ग्रॅम, दोन्ही स्थिर. बाष्प होऊन पाणी घटतं पण मीठ मागेच राहतं, म्हणून घटीला गोडंच पाणी घालायचं. अल्कलिनिटी तिची ती उतरू द्यायची. प्रवाळ सांगाडा बांधतात तशी ती खर्च होते. पण आजारी गवंड्याच्या हाताने किती विटा लागणार? रोज संध्याकाळी सातला मी थेंब मोजायचो. ११. १०.९. १०.९. १०.८. एवढा संथ आकडा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

हात घालायला परवानगी होती ती एकदाच. बर्ड्सनेस्टचं पांढरेपण बुडाकडून वर सरकत होतं, आणि तिथे मात्र थांबून चालत नाही. शेंड्याची दोन इंच निरोगी फांदी कात्रीने तोडायची आणि सुपरग्लूने दगडाच्या तुकड्यावर बसवायची. मी इतक्या उत्साहाने बसवली, की फांदी दगडाला, दगड अंगठ्याला आणि अंगठा तर्जनीला, अशी एकसंध कलाकृती तयार झाली. ती सोडवायला फांदी बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी तिला हॅमरशेजारच्या मोकळ्या जागेत ठेवलं.

गंमत म्हणजे या काळात टाकीचं सगळ्यात जास्त कौतुक झालं. शैवाल गेलं की प्रवाळाचे मूळचे चमकते रंग उघडे पडतात आणि निळ्या दिव्याखाली झगझगतात. "वा! यंदा रंग काय खुललाय!" असं पाहुणे म्हणायचे. मी दुखवट्याच्या चेहऱ्याने आभार मानायचो. खरी तब्येत बघायची तर पांढऱ्या उजेडात. म्हणून रोजचा फोटोही त्याच उजेडात काढायचो. तेवीस फोटो जसेच्या तसे निघाले. चोविसाव्यात कवळीच्या कडेला तपकिरी छटा दिसली. आई म्हणाली, चष्मा पुस.

पण छटा खरी होती. पाचव्या आठवड्यात बोटं अर्धी बाहेर आली आणि मी पंप बंद करून पिपेटने कोळंबीएवढाही नसलेला एक गोठवलेला जीव त्यांच्यावर सोडला. एक बोट चिकटलं. मग दुसरं. मग सगळ्यांनी मिळून तो घास मधल्या फटीकडे न्यायला सुरुवात केली. सात-आठ मिनिटं मी श्वास रोखून उभा. फट उघडली, घास अर्धा आत गेला, आणि दगडामागून लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्लीनर कोळंबी आली. तिने हॅमरच्या तोंडात दोन्ही चिमटे घातले, घास ओढून काढला आणि त्याच्या डोक्यावर बसूनच खाल्ला. आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेलं कोण खातं, हे मला ठाऊक होतं, पण इतकं उघड्यावर नाही.

आता आठ आठवडे झाले. अल्कलिनिटी ८.२. हॅमर पूर्ण फुललाय, हातोड्या डुलताहेत. काल रात्री दिवे मालवल्यावर विजेरी लावून बघितलं, तर त्याने नेहमीच्या दुप्पट लांबीची बारीक पांढरी बोटं काढून शेजाऱ्याला डंख मारायला सुरुवात केली होती. इतके दिवस अंगात ताकद नव्हती म्हणून गप्प होता. आणि शेजारी कोण, तर मीच अंगठ्यासकट चिकटवलेली बर्ड्सनेस्टची फांदी. तिच्या टोकावर पांढरा ठिपका उमटला होता.

मी आईकडे बघितलं. तिने चष्मा नाकावर सरकवून टाकीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकच बाही," ती म्हणाली.