ताट वेगळे काढण्याआधी

‘पांढऱ्या पेशींचा कर्करोग विषाणूमुळे होतो, म्हणून तो रुग्णाच्या उष्ट्यातून पसरतो; केमोथेरपीने विषाणू बळावतो, ती थांबवून २१ दिवस गुळवेलीचा काढा घ्यावा,’ असा संदेश सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठीत आणि कन्नडमध्येही फिरतो आहे; सीमाभागात दोन्ही भाषांचे एकमत व्हावे तेही नेमके यावर! खानापूरच्या आमच्या मावशींनी तो वाचून, लिम्फोमावर, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका कर्करोगावर, उपचार घेणाऱ्या आपल्या जावेचे ताट-पेला वेगळे काढले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

विषाणूचा संबंध आहे, एवढे मान्य करावेच लागते. आफ्रिकी मुलांच्या बर्किट लिम्फोमाच्या पेशींत १९६४ मध्ये एपस्टाइन-बार विषाणू सापडला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये त्याची कर्करोगकारक म्हणून नोंद केली. तो बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि जंतू आल्यावर पेशीला मिळणाऱ्या वाढीच्या आदेशाची त्याची प्रथिने नक्कल करतात, त्यामुळे जंतू नसतानाही पेशी विभागत राहतात.

परंतु जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू आधीच मुक्कामाला असतो, बहुधा लहानपणीच लाळेतून आलेला. म्हणजे ताट वेगळे काढणाऱ्या मावशींच्या शरीरातही तो असण्याचीच शक्यता अधिक. टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, त्याला आयुष्यभर आवरून धरतात. त्यांचा धाक कमी झाला, जनुकांत बिघाड झाला, अशा गोष्टी जुळून आल्या तरच क्वचित कोणाला कर्करोग होतो, आणि अनेक लिम्फोमांत तर हा विषाणू नसतोच. कर्करोगाच्या पेशी उष्ट्यातून दुसऱ्याच्या अंगात रुजत नाहीत. उलट केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटल्याने घरच्यांचे साधे पडसेही रुग्णाला जड जाते, त्यामुळे जपायचे आहे ते तिला आपल्यापासून.

अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे या विषाणूचा लिम्फोमा होऊ शकतो आणि तेव्हा डॉक्टर ती औषधे कमी करतात. संदेशकर्त्याने हेच अर्धवट ऐकून केमोथेरपीला चिकटवले असावे. बर्किट लिम्फोमाची मुले बरी होतात ती मात्र केमोथेरपीनेच.

राहिला काढा. हा विषाणू शरीरातून समूळ काढणारे औषधच अजून नाही, मग २१ दिवसांचा हिशेब कुठला? गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. केमोथेरपी चालू असताना कोणी काढा घेतलाच असेल, तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.