हे डबडं चावते

उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरून झालेला असतो. समोरचा कास्तकार मोबाईल हातभर लांब धरून ओटीपी वाचत असतो. "चार... सात... हा शून्य हाय का आठ, भाऊ?" एवढ्यात पडदा निळा होतो आणि त्यावर रडका चेहरा उगवतो. विंडोजला हा चेहरा २०१२मध्ये सुचला. त्याआधी नुसतीच इंग्रजी अक्षरं यायची, निदान सहानुभूतीचं नाटक नव्हतं.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात मी ओसरीवर बसून लोकांचे फॉर्म भरून देतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की दाखल्यांची झुंबड उडते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमचा कॉम्प्युटर मरू लागला.

तालुक्याहून मेकॅनिक आला. त्याचं निदान फार सोपं असतं: त्या दिवशी त्याच्या पिशवीत जो पार्ट असेल, तोच आपला खराब निघतो. "रॅमच गेली ना भाऊ!" नवीन रॅम लागली. जुनी त्याने "कायले ठेवता, कचराच हाय," म्हणत पिशवीत टाकली. संध्याकाळी पुन्हा रडका चेहरा. मग एसएमपीएस, म्हणजे डब्यातल्या पार्टांना वीज पुरवणारा खोका, बदलला. बारा व्होल्टच्या वायरीला मीटर लावून त्याने मला आकडा दाखवला. ११.४ ते १२.६च्या आत असला की पास. आला १२.१. "पाहा, एक नंबर!" तो फाटकाबाहेर पडून गाडीला किक मारतो न मारतो, तोच पडदा निळा.

मग उन्हावर संशय गेला. तोही वाजवी, मे महिन्यात आमच्याकडे माणसंच बंद पडतात. प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लागली, डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि समोर कुलर लावला. ओसरी गावातली सगळ्यात थंड जागा झाली. ज्यांना कुठलाच दाखला नको होता तेही खर्रा घोटत तिथंच बसू लागले. कॉम्प्युटर त्यांच्यासमक्ष बंद पडे आणि प्रत्येक जण एकेक पार्ट सुचवी.

शेवटी मदरबोर्ड बदलला, तर विंडोज म्हणालं, हे यंत्रच माझ्या ओळखीचं नाही, परवाना दाखवा. त्याचंही बरोबर होतं. मूळ कॉम्प्युटरपैकी आता फक्त डबडं उरलं होतं आणि त्यावरचं दसऱ्याचं कुंकू.

अमरावतीला इंजिनीअरिंग करणारा भाचा सुटीत आला होता. त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडलं, बराच वेळ गंभीर चेहऱ्यानं वाचलं आणि जाहीर केलं, "मामा, कर्नल-पॉवर ४१!" म्हणजे काय? तर कॉम्प्युटर नीट बंद न होताच पुन्हा चालू झाला. हे तर खर्रा घोटणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

गंमत म्हणजे मेकॅनिकच्या दुकानात नेला की हाच कॉम्प्युटर सासुरवाडीला गेलेल्या जावयासारखा शहाणा वागे. तिथं रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, चालवली, एक चूक सापडली नाही. घरी आणला की पुन्हा तेच.

या सगळ्या काळात आई रोज धूळ पुसताना एकच सांगत होती, "मी कवाची सांगून रायली, हे डबडं चावते." पुसताना ती पायाखाली लाकडी पाट घेई. मेकॅनिक हसला होता, "आजी, सारे पार्ट नवे हाय, चावते कुठून?"

मग कुलरची पिन बदलायला गावातला वायरिंगवाला आला. आईने त्यालाही ऐकवलं. तो हसला नाही. डब्याच्या स्क्रूला त्याने टेस्टर लावला, तर आतला दिवा लागला. भिंतीवरचा बोर्ड उघडला, तर तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थिंग शोधायला तो मला घेऊन अंगणात गेला. काळी माती उन्हानं अशी तडकली होती की भेगेत हात जावा, आणि तिथं गंजलेल्या सळीला वायरीचं एक गंजकं टोक लोंबत होतं.

एसएमपीएसमधला फिल्टर थोडासा करंट अर्थिंगमध्ये सोडत असतो. अर्थिंगच नसेल तर २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे ११५च्या आसपास व्होल्ट डब्यावर येऊन बसतात. त्यांत मारण्याइतका जोर नसतो, चावण्याइतका असतो. मग त्यांना वाट मिळेल तिथून ते निघतात: यूएसबीच्या वायरीतून, प्रिंटरमधून, नाहीतर पुसणाऱ्याच्या बोटातून. पार्ट नवे असोत की जुने.

खड्डा खणला, पाईप गाडला, भोवती मीठ-कोळशाचे थर दिले. मदरबोर्डपेक्षा स्वस्तात पडलं. तुळशीला पाणी घातलं की आई आता उरलेला तांब्या त्या खड्ड्यात ओतते. रडका चेहरा पुन्हा दिसला नाही, त्यामुळे ओसरीवरची मंडळी जरा हिरमुसली आहेत.

परवा मेकॅनिकला फोन करून माझी जुनी रॅम परत मागितली.

"ते तं मी बाजूच्या गावात लावून देली, भाऊ."

"खराब होती ना ती? कशी चालते तिथं?"

"एक नंबर!"