पी/ई नऊ आहे, मग घ्यायला काय हरकत?

पक्याने मोबाईल सगळ्यांपुढे धरला. "या शेअरचा पी/ई, म्हणजे बाजारमूल्य भागिले नफा, 9. आरओई, म्हणजे भागधारकांच्या भांडवलावरचा नफा, 28 टक्के. स्क्रीनर, म्हणजे कंपन्या गाळून देणारं साधन, लावून काढलाय. आता आणखी काय शोधायचं?"

"नफा कुठून आला ते," मास्तर म्हणाले.

"धंद्यातून. आणखी कुठून येणार?"

"जमीन विकूनही येतो. समज, बाजारमूल्य 810 कोटी, नफा 90 कोटी, म्हणून पी/ई 9. त्यातले 60 कोटी एकदाच झालेल्या विक्रीचे असतील तर धंद्याचे उरले 30. पी/ई झाला 27. स्क्रीनर नुसता भागाकार करतो. नफा-तोटा पत्रकातल्या 'अपवादात्मक बाबी' आणि 'इतर उत्पन्न' या ओळी तुलाच वाचाव्या लागतील."

"बरं, पण आरओई तर चांगलाय ना?"

नानांनी मान हलवली. "कर्जाने फुगतो तो. दोन कंपन्या, मालमत्ता 200-200 कोटी. एकीत सगळा पैसा भागधारकांचा, नफा 24, आरओई 12 टक्के. दुसरीचं 150 कर्ज. व्याज भरून नफा 14 च, पण भांडवल 50. आरओई 28! धंदा एक वर्ष बसला की पहिली तग धरेल, दुसरी व्याजातच जाईल."

"मग नुसते गुणोत्तरांचे तक्ते बघून उपयोग नाही म्हणा की."

"चाळणी म्हणून ठीक आहेत," मास्तर म्हणाले. "पुढचं काम वार्षिक अहवालात. कंपनीच्या किंवा शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून निदान पाच वर्षांचे उतरवून घे. पाच वर्षांच्या निव्वळ नफ्याची बेरीज कर, शेजारी कामकाजातून आलेल्या रोकडीची. नफा 500 आणि रोकड 140 असेल तर पैसा कुठेतरी अडकलाय. बहुतेक वेळा उधारीत नाहीतर पडून राहिलेल्या मालात. येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे बाकी पैसे, भागिले विक्री गुणिले 365, म्हणजे वसुलीचे दिवस. गेल्या वर्षी विक्री 730, येणी 120, म्हणजे 60 दिवस. यंदा विक्री 876, येणी 288, म्हणजे 120. विक्री वीस टक्क्यांनी वाढली म्हणून टाळ्या वाजतात, पण माल उधारीवर ढकललाय."

"हे बँकेला लावू नकोस हां," नाना मध्येच. "कर्ज देणं आणि ठेवी घेणं हाच तिचा धंदा, त्यामुळे तिथे ही रोकड वाटेल तशी उडते. बँकेचं थकीत कर्ज आणि भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या मानाने स्वतःचं भांडवल पुरेसं आहे का, ते बघायचं."

बंड्या इतका वेळ गप्प होता. "पण रोकड तरी खरी असते ना?"

"सत्यम या आयटी कंपनीची 2009 मध्ये खोटी निघाली. 2020 मध्ये जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीच्या ताळेबंदातले 1.9 अब्ज युरो बँकेत नव्हतेच," नाना म्हणाले. "म्हणून रोकडीवर व्याज किती मिळालं ते ताडून बघ. सरासरी 400 कोटी शिल्लक, ठेवींचा दर 6 टक्के, आणि व्याज फक्त 4 कोटी? तर विचारायला हवं."

मास्तरांना हे पटलं नाही. "लगेच चोर ठरवू नका. पैसा चालू खात्यात असेल, किंवा मार्चअखेरीपुरता जमवलेला असेल. सहामाहीचा ताळेबंद बघितल्याशिवाय काही कळत नाही."

"वर्षअखेरीपुरता जमवून दाखवणं हेही काही भूषण नाही, मास्तर!"

पक्या वैतागला. "अहवाल तीनशे पानांचा असतो!"

"पहिली रंगीत पानं सोड," मास्तर म्हणाले. "लेखापरीक्षकाचा अहवाल आधी वाच: शेरा मारलाय का, मुदतीआधीच राजीनामा देऊन गेलाय का. मग टिपांमध्ये 'संबंधित पक्षांशी व्यवहार', म्हणजे प्रवर्तक किंवा त्यांच्याच कंपन्यांशी केलेले, आणि 'संभाव्य देणी', म्हणजे पुढे कदाचित अंगावर येतील अशी, शोध. पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर शोध चालत नाही, पानं चाळावीच लागतात. आणि आकडे एकत्रित, म्हणजे उपकंपन्यांसह, घेतोयस की एकल, म्हणजे फक्त मूळ कंपनीचे, ते ठरव. उपकंपनीचं कर्ज एकल ताळेबंदात दिसत नाही."

पक्याने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. वर बारीक अक्षरात 'एकल' असं लिहिलेलं होतं.