‘परत रन कर’ म्हणे!

परफॉर्मन्स टेस्टमध्ये, म्हणजे कोड किती वेगाने चालतो याच्या चाचणीत, ‘२०० मिलिसेकंदांच्या आत झालंच पाहिजे’ असं ठोकून देणं कधी थांबणार? कुणाच्या मशीनवरचे हे २००? माझ्या लॅपटॉपला चार्जर लावला की टेस्ट पास, बॅटरीवर आला की फेल. सगळ्यांच्या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या बिल्ड सर्व्हरचं तर विचारूच नका. तिथलं व्हर्च्युअल मशीन प्रोसेसर कुणाबरोबर वाटून घेतंय, शेजारच्याने काय जड काम लावलंय, काही पत्ता नाही. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग उतरवतो. अगदी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगची) लांबी बदलली तरी स्टॅक (फंक्शन्सची तात्पुरती जागा) मेमरीत सरकतो आणि आकडे हलू शकतात! यात माझ्या कोडचा काय संबंध?

आणि टेस्ट लाल झाली की टीमचं ठरलेलं उत्तर, ‘अरे, ती तशीच आहे, परत रन कर.’ नाहीतर २०० चे ५०० करून मोकळे. मग कुणीतरी लूपमध्ये डेटाबेसची क्वेरी घालतं, खरंच सगळं मंदावतं, आणि त्या लाल खुणेकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. संताप येतो तो याचा.

अहो, उपाय आहेत ना! एसक्यूलाइट या डेटाबेसवाले बारीकसारीक सुधारणा घड्याळाने नाही, कॅशग्राइंडने मोजतात, म्हणजे प्रोसेसरला किती सूचना पाळाव्या लागल्या ते मोजणाऱ्या टूलने. तेवढं जमत नसेल तर जुना आणि नवा कोड आलटूनपालटून चालवा आणि गुणोत्तर तपासा. पण एकाच मशीनवर, एकाच बैठकीत! कालचे, भलत्याच मशीनवरचे आकडे आणून माझ्या पॅचच्या, म्हणजे मी कोडमध्ये केलेल्या बदलाच्या, माथी मारू नका.