केसबुकवर सही कोणाची?

नर्सिंगच्या मुलींना हे शिकवा, ते शिकवा असं सुचवणारे हल्ली फार झालेत. परवा एका ग्रुपवर कुणी एआय सुचवलं, कुणी परदेशी भाषा. माझं मत नेमकं उलट आहे. अभ्यासक्रमात कमी काही नाही. ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी वॉर्ड इनचार्ज आहे, पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायला, येणाऱ्या मुली (आणि आता बरेच मुलगेही) रोज बघते. दुखणं वेगळ्याच ठिकाणी आहे.

आधी कागदावर काय आहे ते बघा. २०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम राजपत्रात आला. चार वर्षं, आठ सेमिस्टर, क्रेडिट पद्धत. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत किमान ८० टक्के हजेरी. पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची हजेरी तर १०० टक्के, म्हणजे तापाने घरी पडलेल्या दिवसाची ड्यूटीही नंतर भरून द्यायची. शेवटच्या सेमिस्टरला २२ आठवडे इंटर्नशिप, आठवड्याला ४८ तास. एवढं कडक आहे सगळं. मग पास होऊन आलेली मुलगी पहिल्या नाइटला सलाईन लावताना थरथरते कशी?

कारण तास भरले जातात, हात भरत नाही.

आमच्या वेळच्या मिडवाइफरी (बाळंतपणाच्या कामाच्या) केसबुकाचंच घ्या, म्हणजे मुलीने स्वतः केलेल्या केसेस नोंदून त्यावर सही घ्यायची वही. ३० गर्भवतींची तपासणी, २० नॉर्मल डिलिव्हरी, २० बाळंतिणींची शुश्रूषा, शिवाय एपिसिओटॉमी (बाळंतपणात दिला जाणारा छेद), बाळाचं रिससिटेशन (श्वास सुरू करून देणं) वगैरे पाच-पाच. आता ४० जणींची बॅच धरा. एका बॅचला ८०० नॉर्मल डिलिव्हरी लागल्या! त्याच लेबर रूममध्ये आणखी दोन कॉलेजच्या मुली उभ्या, आणि खासगीत सिझेरियन किती होतात ते मी तुम्हाला सांगायला नको. मग काय होतं, तर एका बाळाचा जन्म तीन केसबुकांत नोंदला जातो. पकडायला हात एकीचा, बघायला डोळे दोघींचे, सह्या मात्र तिघींच्या पानावर.

या सह्या करतात कॉलेजच्या ट्यूटर. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. नियमाने दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, पण ते दहा जण चार वॉर्डांत विखुरलेले, आणि इन्स्पेक्शन आलं की ट्यूटर फायली लावण्यात बुडालेली. त्या मुलीला रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकताना खरोखर बघते ती वॉर्डातली स्टाफ नर्स. तिच्या अंगावर स्वतःचे पेशंट, औषधांचा राउंड, डिस्चार्जची घाई, मेडिक्लेमवाल्यांचे फोन. शिकवणं तिच्या कामात धरलेलंच नाही. पगारात तर नाहीच. खरं सांगायचं तर स्टाफ कमी असलेल्या दिवशी विद्यार्थिनी आल्या की आम्हालाही हायसं वाटतं. बीपी, टेम्परेचर, सॅम्पल लॅबला पोचवणं त्यांच्या गळ्यात पडतं आणि त्यांचं शिकणं तिथेच संपतं.

दुसरी एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. आमच्याकडचे पेशंट सरळ सांगतात, ‘शिकाऊ मुलगी नको, सिनियर सिस्टरला बोलवा.’ पैसे मोजलेत, त्यांचंही खरंच. पण मग व्हेन (शीर) शोधायला शिकायचं कुणाच्या हातावर? कळव्याच्या, वाशीच्या पालिका हॉस्पिटलात रांगेत बसलेल्या बाईच्या. तिला कुणी विचारतही नाही. मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगलाही तसंच. मुंबई आणि नवी मुंबईतली कितीतरी कॉलेजं ठाण्याच्या मनोरुग्णालयात मुली पाठवतात. १९०१ पासूनची ही सरकारी संस्था नसती, तर माझ्या मते यातल्या निम्म्या कॉलेजांची ती पोस्टिंग फायलीतच झाली असती.

माझा अनुभव असा की शेजारी अनुभवी सिस्टर उभी असली, की बहुतेक नातेवाईक शिकाऊ मुलीला हात लावू देतात. म्हणून मागणी एवढीच: दोन विद्यार्थिनींमागे एक स्टाफ नर्स नेमा. त्या शिफ्टला तिचे पेशंट कमी करा. कॉलेज लाखांनी फी घेतं, त्यातून तिला भत्ता द्या. आणि केसबुकवर तिची सही सक्तीची करा, ‘हिला अजून जमत नाही’ असं लिहायच्या अधिकारासकट. अशा शिकवणाऱ्या स्टाफ नर्ससाठीचा ‘प्रिसेप्टर’ हा शब्द प्रत्येक परिसंवादात ऐकते, ड्यूटी चार्टवर ती बाई मला अजून दिसलेली नाही. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिलच्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा संसदेने मंजूर केलाय, तेव्हा नियम नव्याने लिहिताना हे घालायला कुणाची हरकत नसावी. हॉस्पिटल मॅनेजमेंटची असेल म्हणा.

तोवर मुलीसाठी खारघर, कामोठे, घोडबंदरला कॉलेज बघत फिरणाऱ्या आईवडिलांनी एसी क्लासरूम आणि पुतळ्यांची लॅब जरूर बघावी. पण कॉलेजच्या १०० खाटांच्या हॉस्पिटलात प्रत्यक्ष किती खाटा भरलेल्या असतात तेही विचारावं, आणि वॉर्डात मुलीसोबत कोण असतं, केसबुकवर सही कोण करतं, हेही. ‘आमच्या मॅडम करतात’ असं उत्तर आलं, तर पुढचं विचारा: मॅडम त्या वेळी त्या वॉर्डात असतात का?