पाच कप आणि तीन अवतार

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातलं ऑशवा आणि आसपासच्या मराठी मंडळींच्या फोनवर दर हिवाळ्यात एक मजकूर फिरतो. पोरांना आइस हॉकीच्या सरावाला नेऊन थंडीत कुडकुडत बसणारे आईबाप तो भक्तिभावाने पुढे ढकलतात. त्याचा गोषवारा असा: “ऑशवा जनरल्स हा आपल्या गावचा ज्युनियर संघ जनरल मोटर्सने १९३७ मध्ये काढला आणि तेव्हापासून अखंड चालवला. बॉबी ऑर, एरिक लिंड्रॉस आणि जॉन टॅव्हारेस या तिघांनी त्याला पाच मेमोरियल कप मिळवून दिले. लिंड्रॉसला जाऊ देऊन सू सेंट मरीच्या संघाने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.” खाली हात जोडलेले दोन इमोजी.

मेमोरियल कप म्हणजे कॅनडातल्या ज्युनियर हॉकीचं सर्वोच्च अजिंक्यपद. आकडा बरोबर आहे, कप पाचच. पण ते कधीचे, हे लिहिणाऱ्याने पाहिलेलं दिसत नाही. १९३९, १९४०, १९४४, १९९० आणि २०१५. आता ऑरचा जन्म १९४८चा, म्हणजे तीन कप कपाटात जाऊन बसले तेव्हा तिघांपैकी एकही अवतार पृथ्वीवर नव्हता. २०१५ मध्ये टॅव्हारेस एनएचएल या मोठ्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होता. उरला एक १९९०चा. त्याच्याकडे नंतर येतो.

ते जुने तीन कप कोणाचे, याचं उत्तर सोपं नाही, कारण १९३८ ते १९४४ अशी सलग सात वर्षं या संघाने ऑन्टारिओच्या ज्युनियर लीगचं अजिंक्यपद पटकावलं होतं. एका माणसाचं ते काम नव्हे. पण नाव घ्यायचंच तर मी रेड टिल्सनचं घेईन. रिजायनाहून आलेला हा पोरगा १९४२-४३ च्या मोसमात त्या लीगमध्ये सर्वाधिक गुण (गोल आणि गोलला केलेलं साहाय्य मिळून) मिळवून सैन्यात भरती झाला. १९४४चा कप त्याच्या जुन्या सोबत्यांनी जिंकला आणि त्याच वर्षी तो नेदरलँड्सच्या लढाईत मारला गेला. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूला आजही मिळतो तो रेड टिल्सन करंडक. लिंड्रॉसला तो मिळाला, टॅव्हारेसलाही मिळाला. ऑरला कधीच नाही. मेमोरियल कप हाही मुळात पहिल्या महायुद्धात पडलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये सुरू झाला. त्या कपाची गोष्ट सांगताना नेमका टिल्सनच गाळला जावा, हे मला खटकतं.

बॉबी ऑरबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं, इथे लोक चिडतात. त्याच्या थोरवीबद्दल वाद नाही. बचावपटू असून जनरल्सकडून शेवटच्या तीन मोसमांत त्याने २९, ३४ आणि ३८ गोल केले, आणि बचावपटूने असं काही करायचं असतं हेच तोवर कोणाच्या डोक्यात नव्हतं. पण कप? १९६६ मध्ये जनरल्स अंतिम मालिकेत पोहोचले, टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये, एडमंटन ऑइल किंग्जविरुद्ध. ऑरच्या जांघेला दुखापत होती, तो पुरता खेळू शकला नाही, आणि एडमंटनने मालिका ४-२ अशी जिंकली. पुढच्या मोसमात तो एनएचएलच्या बोस्टन ब्रुइन्सकडे गेला. लोकांच्या डोळ्यांसमोर ऑर म्हटलं की हवेत आडवा झेपावलेला तो फोटो येतो. तो १९७० मधला, बोस्टनचा, एनएचएलच्या स्टॅनली कपचा. दोन कपांची सरमिसळ बहुधा तिथेच होते.

टॅव्हारेसचं एका परिच्छेदात आटपतं. चौदाव्या वर्षी लीगने त्याच्यासाठी खास अपवाद करून जनरल्सना तो २००५ मध्ये घेऊ दिला. सोळाव्या वर्षी त्याने ७२ गोल करून हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्स्की याचा त्या वयाचा ७० गोलांचा विक्रम मोडला. २००९च्या जानेवारीत त्याला ऑन्टारिओतल्याच लंडन नाइट्स संघाकडे पाठवलं. मेमोरियल कप त्याला इथेही मिळाला नाही, तिथेही नाही. आणि २०१५ मध्ये केलोना संघाविरुद्धच्या कपाच्या अंतिम सामन्यात जनरल्सचे जादा वेळेतल्या विजयी गोलासकट दोन्ही गोल कोणी केले? अँथनी सिरेलीने. नवे खेळाडू वाटून घ्यायच्या लीगच्या वार्षिक निवडीत ज्याला एकाही संघाने उचललं नव्हतं आणि जो चाचणी देऊन संघात शिरला होता, तो हा.

आता ‘अखंड’. सगळ्या मजकुरात मला सर्वांत जास्त चीड याच शब्दाची येते, कारण या संघाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना तो एका फटक्यात पुसून टाकतो. सप्टेंबर १९५३ मध्ये संघाची रिंक, हॅम्ब्ली अरिना, जळून खाक झाली. क्रिकेटचं मैदान गेलं तर पोरं दुसऱ्या मैदानात स्टंप ठोकतात. बर्फाची रिंक गेली की खेळ संपला. संघ बंद पडला तो पुढची नऊ वर्षं. १९५३ मध्ये दहा वर्षांचा असलेला ऑशवातला पोरगा आपल्या गावच्या संघाकडून न खेळताच मोठा झाला.

१९६२ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला तो हॉकी संघांचा व्यवस्थापक रेन ब्लेअर आणि बोस्टन ब्रुइन्स यांच्यामुळे. बोस्टनला पॅरी साउंडचा चौदा वर्षांचा ऑर हवा होता. त्यासाठी ऑर कुटुंबाच्या घराला बाहेरून गिलावा करून देण्याचंही त्यांनी कबूल केलं होतं. (हॉकीच्या इतिहासातला सर्वांत किफायतशीर गिलावा असावा.) पण घर नसलेला संघ तो. पहिला मोसम टोरांटोत, दुसरा शेजारच्या बोमनव्हिलमध्ये. गावात पैसा उभा करायची मोहीम झाली आणि १९६४ मध्ये सिव्हिक ऑडिटोरियम उघडलं, तेव्हा कुठे ऑशवाचा संघ ऑशवात आला. म्हणजे जो ऑर ‘ऑशवाचा’ म्हणून मिरवला जातो, त्याचे पहिले दोन मोसम ऑशवाबाहेरच गेले.

‘जनरल मोटर्सने काढला’ हे अर्धवट खरं आहे. नाव कंपनीवरूनच पडलं, सुरुवातीची पुरस्कर्ती तीच होती. पण पुरस्कर्ता म्हणजे मालक नव्हे. मुंबईच्या क्रिकेटमधल्या टाइम्स शील्डला उतरणाऱ्या कंपन्यांच्या संघांसारखा हा प्रकार नव्हता. तिथे खेळाडू कंपनीच्या पगारावर असतो, इथे सोळा ते वीस वर्षांची मुलं, त्यातली बरीच परगावची, ओळखीपाळखीच्या नसलेल्या कुटुंबांत राहून शाळा आणि हॉकी सांभाळतात. शिवाय १९३७ साल म्हटलं की ऑशवातल्या जुन्या माणसांना आधी एप्रिलमधला संप आठवतो: जनरल मोटर्सच्या चार हजारांवर कामगारांचा. कंपनी आणि गाव एकजीव होते असं चित्र रंगवणाऱ्याने तेवढं तरी ध्यानात ठेवावं. २००६ मध्ये नवी रिंक उघडली तिलाही कंपनीचं नाव होतं. २०१६ मध्ये ते बदलून एका घरबांधणी कंपनीचं लागलं. संघाचं नाव मात्र जनरल्सच राहिलं.

राहता राहिला लिंड्रॉस. १९८९ मध्ये सू सेंट मरी ग्रेहाउंड्सनी लीगच्या निवडीत त्याला सर्वांत आधी निवडलं, आणि त्याने तिकडे जायला साफ नकार दिला. मिशिगनमध्ये खेळत बसला. डिसेंबरात ग्रेहाउंड्सनी त्याला ऑशवाला दिलं. बदल्यात तीन खेळाडू, पुढच्या निवडीतले दोन हक्क आणि ८०,००० डॉलर रोख घेतले. त्या मोसमात तो जनरल्सकडून लीगचे फक्त पंचवीस सामने खेळला. १९९०च्या कपाच्या हॅमिल्टनमधल्या अंतिम सामन्यात किचनर रेंजर्सविरुद्ध दुसऱ्या जादा वेळेत विजयी गोल मारला तो बिल आर्मस्ट्राँग नावाच्या बचावपटूने, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला जनरल्सचाच इयन फ्रेझर. लिंड्रॉस हवाच होता, पण ‘त्याने मिळवून दिला’ म्हणताना हे दोघे कुठे गेले?

आणि धोंडा. पुढच्या मोसमात लिंड्रॉसने ७१ गोल आणि एकूण १४९ गुण केले. जनरल्स लीगच्या अंतिम फेरीत गेले. समोर सू सेंट मरी ग्रेहाउंड्स होते. जिंकले ग्रेहाउंड्स.