डॉलर शंभर बरोबर तीनशे वीस

नळाला पाणी आलं की आमच्या सीएनसी मशीनचा वाय ॲक्सिस बिघडायचा. सीएनसी म्हणजे संगणकाच्या हुकुमावर लाकूड कोरणारं मशीन आणि वाय ॲक्सिस म्हणजे त्याची मागे-पुढे, पाटीवर पाहिलं तर वर-खाली, जायची दिशा. बाहेरगावच्या माणसाला हे थापेसारखं वाटेल, पण छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला पटेल. जायकवाडी उशाला आणि कोरड घशाला, अशी आमची तऱ्हा. पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीतल्या झाडून सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. ट्यूबलाइट फडफडते, पंखा फिरावं की नाही याचा विचार करत फिरतो, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत माझं मशीन स्टेप मिस करायला लागतं.

मशीनचा प्रत्येक ॲक्सिस हलवणारी स्टेपर मोटार हा तसा साधा जीव. 200 स्टेपचा एक फेरा. जितके पल्स, म्हणजे विजेचे ठोके, मिळाले तितकं फिरायचं, एवढंच तिला ठाऊक. फिरायला जमलं नाही तर मात्र ती कुणाला काही कळवत नाही. कंट्रोलर हुकूम सोडतो आणि तो पाळला गेला असं धरून पुढचा सोडतो. आमच्या घरात हुकूम सोडण्याची ही पद्धत मी लग्नानंतर लगेच बंद केली. मशीनमध्ये ती अजून चालू आहे.

तर शेजारच्या काकांनी नव्या बंगल्यासाठी 'मातोश्री निवास' अशी सागवानाची पाटी सांगितली होती. रोमन अक्षरांत एखादी स्टेप गेली तर खपून जातं. देवनागरीत शिरोरेखा आहे, ती कुणाला माफ करत नाही. 'मातोश्री'वरून रेघ सरळ निघाली, 'नि'पाशी एक पायरी उतरली, 'वा'पाशी दुसरी, आणि 'स' पार जोत्याला टेकला. काकांनी पाटी हातात घेतली, मान तिरकी करून पाहिली, मग पाटी तिरकी करून पाहिली. "बंगला सरळ बांधलाय हो आम्ही," एवढंच म्हणाले.

त्यानंतर वाय ॲक्सिसने पाण्याची वाट पाहणंही सोडलं. बटण दाबलं की मोटार जागच्या जागी थरथरायची, घूंऽऽ करायची आणि तसूभर हलायची नाही. मोटारीच्या दोनपैकी एका फेजला, म्हणजे तारेच्या एका कॉइलला, करंट मिळेनासा झाला की असं होतं.

वाळूजच्या कारखान्यांची कार्डं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे ड्रायव्हरचा, म्हणजे तिन्ही मोटारींना करंट सोडणाऱ्या ड्राइव्हचा, डबा नेला. चाचांची तपासणीची पद्धत पाहण्यासारखी. मीटर नंतर. आधी ते कार्ड उचलून नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि कडेकडेने हुंगत जातात. वायची मोटार चालवणाऱ्या आयसीपाशी, म्हणजे चिपपाशी, नाक थांबलं. "ये गई," म्हणाले. मग मोठ्या कॅपॅसिटरच्या टोपीवरून अंगठा फिरवला. ती टम्म पुरीसारखी वर आली होती. "ये तो कब की गई."

कॅपॅसिटरचं दुखणं उन्हाचं. असल्या कॅपॅसिटरवर बहुधा 105 अंशांना 2000 तास असं आयुष्य छापलेलं असतं. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, चढलं की निम्मं. आता मराठवाड्यातला मे महिना, वर पत्रा, आत बंद डबा आणि डब्यात ट्रान्सफॉर्मर. आतलं इलेक्ट्रोलाइट वर्षानुवर्षं सुकत गेलं आणि व्होल्टेज पडलं की सावरून घ्यायला कुणी उरलं नाही. नुसता बारा रुपयांचा कॅपॅसिटर गेला असता तर चाचांनी लगेच नवा टाकला असता, पण आयसीपाशी गाडी अडली. "साब, कंपनीच नै बनाती अब. नया ड्राइव्ह लगाव. और ये डब्बा फेकना मत."

नवा ड्राइव्ह! डीएम 542 नावाचा हातभर नाही, वीतभर सुद्धा नाही असा एक डबा. एका डब्यावर एकच मोटार चालते, म्हणून मी तीन आणले. माझी समजूत अशी की जुन्या वायरी काढायच्या, नव्यात खोचायच्या, स्क्रू आवळायचे आणि खाली जाऊन चहा प्यायचा. पण जुन्या मशीनमध्ये एक नवी वस्तू आली की ती नव्या सुनेसारखी गप्प बसते हा समज... जाऊ द्या, हा लेख घरात वाचला जातो.

मोटारींना सहा वायरी, ड्राइव्हला चार स्क्रू. म्हणजे आधी जोड्या शोधा. मीटरने शोधता येतात, पण मीटरच्या बॅटरीने नेमका तोच मुहूर्त साधला. मग देशी उपाय: दोन वायरींची टोकं एकमेकांना पिळायची आणि शाफ्ट हाताने फिरवायचा. जड लागला तर दोन्ही एकाच कॉइलच्या. भाचा शाफ्ट फिरवायला बसला आणि दर वेळी आनंदाने ओरडू लागला, "मामा, अडकलं!" खालून बायकोने विचारलं, "कामून हो, बोट अडकलं का त्याचं?" मधल्या दोन वायरी टेप लावून बाजूला ठेवल्या.

पण अशी जोडलेली कॉइल जुन्या 24 व्होल्टला वेगात दम देत नाही. म्हणून 36 व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आणला. मग सिग्नल. जुन्या डब्यात पीसीच्या पॅरलल पोर्टची पंचवीस पिनांची केबल सरळ घुसायची, नव्यांना मधे त्या पिना सुट्या करून देणारा ब्रेकआउट बोर्ड हवा. तो आणला आणि जुना पीसी चालू केला. पीसीने लांब बीप मारले. रॅम काढून खोडरबराने घासली. या उपायाने आजवर कितीतरी पीसी उठून बसले आहेत. आमचा नाही बसला. त्यात विंडोज एक्सपी होतं, ज्याला कंपनीने 8 एप्रिल 2014 रोजीच निरोप दिला होता, तरी ते आमच्याकडे इतकी वर्षं बिनपगारी राबलं. नव्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट नाही. यूएसबीला पॅरलल जोडणारी केबल मिळते, पण ती प्रिंटरपुरती. नेमक्या वेळी पल्स सोडणं तिच्याने होत नाही. म्हणून मग आर्डुइनो नावाचं छोटं कंट्रोलर कार्ड आणि त्यात ग्रबल हे सीएनसी चालवणारं सॉफ्टवेअर. ब्रेकआउट बोर्ड कोराच राहिला, त्यावर सध्या भाच्याचा मोबाइल टेकून उभा असतो.

एक ड्राइव्ह गेला म्हणून सुरुवात केली आणि मशीनचं लोखंड आणि मोटारी तेवढ्या जुन्या राहिल्या.

ग्रबलमध्ये प्रत्येक सेटिंगला डॉलर आणि आकडा असं नाव आहे. एक्सच्या एका मिलिमीटरला किती स्टेप, ते डॉलर शंभर. वायचं डॉलर एकशे एक. भाचा लॅपटॉपवर आणि मी वरून सांगतोय, तेवढ्यात चहा घेऊन आलेली बायको दारात थबकली.

"मामा, डॉलर शंभर किती करू?"

"तीनशे वीस कर."

"आता डॉलरमध्ये पण सुरू केलं का?" ती म्हणाली. "रुपये संपले वाटतं."

मी हिशोब समजावला. स्क्रूच्या एका फेऱ्यात 5 मिलिमीटर. जुना ड्राइव्ह हाफ स्टेपवर, एका स्टेपचे दोन तुकडे, म्हणजे फेऱ्याला 400, भागिले पाच, ऐंशी. नवा आठ मायक्रोस्टेपवर, एका स्टेपचे आठ तुकडे, म्हणजे 1600, भागिले पाच, तीनशे वीस. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खर्च चौपट."

भाच्याने मात्र जुन्या वहीतला ऐंशीच टाकून ठेवला होता. बारा इंची पाटी कापायला लावली, मशीन गोडसं गुणगुणलं, आणि तीन इंची 'मातोश्री निवास' तयार झाली. शिरोरेखा दोरी लावून मारल्यासारखी सरळ. बायकोने ती चिमटीत धरून उजेडात नेली. "ही उंदराच्या बिळावर लावायची का?" आकडा बदलून दुसरी कापली, ती काकांच्या दाराला आता लागली आहे आणि तिच्यात कुठेही पायरी नाही.

जुना डबा मात्र मी चाचांचं ऐकून टाकला नव्हता. परवा जालन्याहून एका माणसाचा फोन आला. चाचांनी नंबर दिला म्हणाला, तसलाच डबा त्याच्याकडेही आहे, आयसी कुठे मिळेना.

"तुमचा चालू हाय का वो?"

"तीनपैकी दोन चालू आहेत. पाचशे द्या आणि घेऊन जा."

"बंद कोन्ता हाय?"

"वाय."

पलीकडून मोठा उसासा आला. "माझाबी वायच गेलाय की वो!"

तिन्ही आयसी एकसारख्याच असतात, एक्सची काढून वायला लावा, हे त्याला पटवण्यात माझ्या मोबाइलची बॅटरी उतरली. शेवटी तो चारशेला तयार झाला. वाय बंद आहे ना, म्हणून शंभर कमी.